बाळं वाचतात ती कशामुळे? : टेक्ससच्या हिस्पॅनिक वस्त्यांमधून

(स्त्री-आरोग्यावरच्या एका शिबिरात कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मी इथलीच. मुंबईत एम. एस. डब्ल्यू. केलं, चार वर्षं वस्त्यांमधून काम केलं, नि लग्नानंतर अमेरिकेत, टेक्सस राज्यात गेले. गेली काही वर्षं मी तिथे मेक्सिकोच्या सीमेलगत, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातल्या एका लहानशा दवाखान्यात समाजसेविका म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका स्पॅनिश बोलतात. या वेळी सुट्टीवर आले तेव्हा ताई म्हणाल्या, "तिथल्या बालमृत्यूंबद्दल बोल." मी म्हटलं, "ताई, अमेरिकेतल्या बालमृत्यूंचं इथल्या बायकांना काय?" त्या म्हणाल्या, "तू बोल तर खरी. काय घ्यायचं ते आम्ही बघू."

तर आधी थोडे आकडे. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे किती बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जातात, त्याला आपण अर्भक-मृत्युदर म्हणतो. २०२२ साली सगळ्या अमेरिकेचा हा दर ५.६ होता. गोऱ्या बायकांच्या बाळांमध्ये साधारण ४.५, काळ्या बायकांच्या बाळांमध्ये जवळजवळ ११, आणि ज्यांना सरकारी कागदोपत्री 'हिस्पॅनिक' म्हणतात त्यांच्यात ४.९. हिस्पॅनिक म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, ग्वाटेमाला, एल साल्वादोर अशा स्पॅनिशभाषक मुलखांशी नातं सांगणारे लोक. हा शब्दही सरकारनं १९७७ साली रुळवलेला. चळवळीतल्या बायका स्वतःला 'लातिना' म्हणवतात. आज अमेरिकेत जन्मणाऱ्या दर चार बाळांपैकी साधारण एक बाळ या समाजातलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ४.९ म्हणजे गोऱ्यांपेक्षा जरासाच जास्त, मग रडायचं कशाला? थांबा, इथेच खरी गोष्ट आहे.

हे लोक गरीब आहेत. शेतात टोमॅटो-कलिंगडं तोडणारे, कोंबड्यांच्या कारखान्यात मांस कापणारे, दुसऱ्यांची घरं पुसणारे. अनेकांकडे विमा नाही, आणि अमेरिकेत विमा नाही म्हणजे डॉक्टर नाही. आपल्या सगळ्या शास्त्राप्रमाणे यांची बाळं कितीतरी जास्त संख्येनं जायला हवीत. पण तशी ती जात नाहीत. १९८६ साली कायरियाकोस मार्किडेस आणि जीनीन कोरेल या दोन अभ्यासकांनी ही गोष्ट मांडली आणि तिला 'विरोधाभास' म्हटलं. पुष्कळांचा विश्वास बसेना. कुणी म्हणालं, आजारी बाळांना घेऊन आया मेक्सिकोला परत जात असतील, म्हणून मृत्यू इथे नोंदले जात नसतील. २००७ साली रॉबर्ट हमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची तपासणी केली. त्यांनी जन्मानंतरच्या पहिल्या तासातले, पहिल्या दिवसातले, पहिल्या आठवड्यातले मृत्यू मोजले. ओली बाळंतीण पहिल्या तासात बाळ घेऊन सीमा ओलांडत नाही, एवढं तर कुणालाही कळेल. त्या मोजणीतही मेक्सिकोतून आलेल्या आयांची बाळं गोऱ्या आयांच्या बाळांपेक्षा थोडी कमीच दगावत होती.

मग ही बाळं कशामुळे वाचतात? एक उत्तर असं, की एवढा खडतर प्रवास करून येणाऱ्या बायका मुळातच धडधाकट असतात. ते थोडंफार खरं असेल. मेक्सिकोतून आलेल्या बायका सिगारेट फारशी ओढत नाहीत, हेही खरं. पण मी डोळ्यांनी जे बघते ते सांगते. बाई बाळंत झाली की चाळीस दिवस 'ला कुआरेन्तेना'. त्या दिवसांत तिनं जड उचलायचं नाही, वाऱ्याला बसायचं नाही, कोंबडीचं गरम पाणी प्यायचं, आणि घरकाम इतर बायकांनी बघायचं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हा तर आमचा सव्वा महिना! शेगडी नि बाळंतशोपा तेवढ्या राहिल्या. मग 'कोमाद्रे' असते, म्हणजे बाळाची धर्ममाता. ती नुसती बारशापुरती नसते, हक्कानं घरात शिरते, बाळ निळसर दिसलं तर आरडाओरडा करते. बाळंतिणीभोवती चार बायका असणं ही केवढी मोठी आरोग्यसेवा आहे, हे आपण ओल्या बाळंतपणात एकट्या पडलेल्या बाईला विचारावं.

(मी परंपरेचे गोडवे गात नाहीये. बाळंतिणीच्या नावाखाली सुनेला कोंडून ठेवणं आपल्याला माहीत आहे. तिथेही कुआरेन्तेना नवऱ्याच्या मर्जीवर मोडते, आणि शेतमजूर बाईला ती परवडतच नाही.)

आणि आता या गोष्टीचा दुसरा भाग. हा 'विरोधाभास' टिकत नाही. मेक्सिकोत जन्मून आलेल्या आईपेक्षा अमेरिकेत जन्मलेल्या तिच्या मुलीची बाळंतपणं वाईट होतात. तिची बाळं जास्त वेळा कमी वजनाची, दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मतात. मुलगी आईपेक्षा जास्त शिकलेली असते, इंग्रजी बोलते, तिच्याकडे कागदपत्रं असतात, दोन पैसे जास्त मिळवते. तरीही. 'मुलगी शिकली, प्रगती झाली' हे आपण इथल्या भिंतींवर वाचतो. तिथे मुलगी शिकली, पण तिच्याभोवतीच्या बायका गेल्या, ताजं अन्न गेलं, आणि रोज 'तुम्ही दुय्यम' हे ऐकण्याचा ताण अंगात मुरत गेला. आर्लाइन जेरोनिमस नावाच्या अभ्यासक बाईंनी या मुरण्याला शब्द दिला आहे. ऊनपावसात लाकूड झिजतं तसं शरीर झिजतं, असा त्याचा अर्थ.

आणि सरासरीनं झाकलं जाणारं आणखी एक दुखणं म्हणजे पोर्तो रिको. पोर्तो रिकन माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत. त्यांना ना सीमा ओलांडायची, ना पोलिसांची तशी भीती. तरी हिस्पॅनिक गटांमध्ये अर्भक-मृत्युदर वर्षानुवर्षं त्यांचाच वरच्या बाजूला, आणि क्यूबनांचा खालच्या. म्हणजे नुसत्या कागदानं बाळ वाचत नाही.

पोर्तो रिकोचं नाव निघालं की मला डॉ. हेलन रोद्रिगेस-त्रियास यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बालरोगतज्ज्ञ बाई. १९६० च्या दशकात सान हुआनच्या विद्यापीठ रुग्णालयात त्यांनी बेटावरचं पहिलं नवजात बालकांचं केंद्र उभारलं, आणि तीन वर्षांत त्या रुग्णालयातले नवजात मृत्यू निम्म्यावर आले. मग त्या न्यू यॉर्कला गेल्या. तिथे त्यांना दिसलं, की ज्या व्यवस्थेला या बायकांची बाळं वाचवायला सवड नाही, तिला या बायकांची नसबंदी करायला मात्र भरपूर सवड आहे. १९६५ च्या पाहणीत पोर्तो रिकोमधल्या २० ते ४९ वयाच्या आयांपैकी सुमारे एकतृतीयांश बायकांची नसबंदी झालेली होती. हेलनबाई जबरदस्तीच्या नसबंदीविरुद्धच्या समितीत पहिल्यापासून होत्या. त्या लढ्यातून १९७० च्या दशकाच्या शेवटी सरकारी नियम आले. बाईला तिच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यायची, आणि संमतीनंतर तीस दिवस थांबायचं. १९९३ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संघटनेच्या त्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या लातिना. आपल्याकडे आणीबाणीत नसबंदीचं काय झालं ते ज्यांना आठवतंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. मूल नको असतानाचा हक्क आणि झालेलं मूल जगण्याचा हक्क, दोन्ही त्यांनी एकाच हातानं धरले. आपण कधीकधी पहिला धरतो आणि दुसरा सरकारी 'माता-बाल' खात्याला देऊन टाकतो.

आता माझ्या भागाकडे येते. आमच्याजवळ ब्राउन्सव्हिल नावाचं गाव आहे. एप्रिल १९९१ मध्ये तिथल्या एका रुग्णालयात छत्तीस तासांत तीन बाळं जन्मली, तिघांनाही मेंदूचा वरचा भाग आणि कवटी नव्हती. याला अ‍ॅनेन्सेफली म्हणतात. अशी बाळं काही तास, फार तर काही दिवस जगतात. शोध सुरू झाला. लोकांचा संशय होता नदीपलीकडच्या मातामोरोस शहरातल्या कारखान्यांवर, त्यांच्या धुरावर आणि सांडपाण्यावर. काही कुटुंबांनी खटला भरला. १९९५ साली १ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. कारण मात्र शाबीत झालं नाही. पुढे अभ्यासकांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचं एक विष असतं, ते शरीराला फॉलिक अ‍ॅसिड मिळू देत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विषाचा आणि सीमेवरच्या या व्यंगांचा संबंध दाखवला गेला.

फॉलिक अ‍ॅसिड तुम्हाला माहीत आहे, आपली ए.एन.एम. गोळ्या देते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि कणा बनतो, ती गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर बाईची पाळी चुकलीय की नाही हेही नीट कळलेलं नसतं. दिवस गेल्यावर गोळी देऊन उपयोग थोडा. म्हणून अमेरिकेनं १९९८ पासून गव्हाचं पीठ, पाव, तांदूळ, शेवया अशा 'सत्त्वयुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या धान्यपदार्थांत फॉलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं केलं. या एका निर्णयानं वर्षाला सुमारे तेराशे बाळं या व्यंगातून वाचतात, असा तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज आहे. बाईला काही शिकवावं लागलं नाही, तिनं पाव खाल्ला की झालं.

पण मेक्सिकन बाई पाव कमी खाते, टॉर्टिया खाते. टॉर्टिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्या पिठाला 'मासा' म्हणतात (आपला मासा नव्हे!). आणि १९९८ च्या नियमात मासा नव्हताच! ज्या समाजात ही व्यंगं सगळ्यांत जास्त, त्याची भाकरीच यादीतून सुटली. यादी करणाऱ्यांच्या घरात टॉर्टिया शिजत नव्हती, दुसरं काय. २०१६ साली, म्हणजे अठरा वर्षांनी, मासामध्ये फॉलिक अ‍ॅसिड घालायला परवानगी मिळाली. परवानगी, सक्ती नव्हे. बहुतेक कंपन्यांनी घातलं नाही. शेवटी कॅलिफोर्नियानं २०२४ साली कायदा करून ते सक्तीचं केलं, लागू होण्याची तारीख १ जानेवारी २०२६. विधेयक आणणारे आमदार स्वतः डॉक्टर. कॅलिफोर्नियाचा कायदा टेक्ससला लागू नाही.

मी नवी होते तेव्हा फॉलिक अ‍ॅसिडवर स्पॅनिशमध्ये एक सुरेख पत्रक केलं होतं, चित्रांसकट. आमच्याकडे वस्तीत काम करणाऱ्या बायका असतात, त्यांना 'प्रोमोतोरा' म्हणतात. त्यांच्यातल्या एकीला, वयानं माझ्या आईएवढ्या बाईंना, ते मोठ्या कौतुकानं दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं, आणि मला दुकानात घेऊन गेल्या. पिठाच्या पिशव्या एकेक करून उलट्या केल्या. "वाच, मिहा." मिहा म्हणजे माझ्या लेकी. मी वाचत गेले. एकावरही फॉलिक अ‍ॅसिड नव्हतं. त्या म्हणाल्या, "तू आम्हाला शिकवतेस, ते बरं आहे. यांना कोण शिकवणार?" एम. एस. डब्ल्यू.ला दोन वर्षं 'वर्तनबदल' शिकलेली मी, गप्प उभी राहिले.

ही गोष्ट मी इतकी लांबण लावून सांगते आहे, कारण बाळ गेलं की सगळ्यांत आधी बोट आईकडे वळतं. अडाणी आहे, वेळेवर आली नाही, गोळ्या घेतल्या नाहीत. ती वेळेवर का आली नाही, हे आता सांगते.

पहिलं कारण विमा. ज्या बाईकडे कागदपत्रं नाहीत, तिला गरिबांचा सरकारी विमा, मेडिकेड, मिळत नाही. फक्त अगदी जिवावरचा प्रसंग आणि प्रत्यक्ष बाळंतपण, एवढंच. १९९६ च्या कायद्यानं तर कायदेशीर आलेल्या बहुतेक स्थलांतरितांनाही पाच वर्षं थांबायला लावलं. मग २००२ साली एक पळवाट निघाली. राज्यांनी हवं तर जन्माला न आलेल्या 'मुलाला' विमा द्यावा. टेक्सस तसा देतं. म्हणजे बघा, तपासणी बाईची होते, सुई तिला टोचतात, पण विमा तिला नाही, तिच्या पोटातल्या गर्भाला! बाळ बाहेर आलं की दोन भेटी, आणि बाईचा संबंध संपला. तिचा रक्तदाब, तिची साखर, तिच्या मनाचं दुखणं, पुढच्या खेपेला पुन्हा पोट दिसेपर्यंत कुणाच्याच वहीत नाही. आणि पुढचं बाळ धड जन्मणं तर त्यावरच अवलंबून असतं. नागरिक असलेल्या गरीब बाळंतिणीचा विमासुद्धा टेक्ससमध्ये पूर्वी दोन महिन्यांत संपायचा. मार्च २०२४ पासून तो वर्षभर मिळतो. हे संघटनांनी अनेक वर्षं मागून मिळवलं.

दुसरं कारण आमच्या खोऱ्यातून उत्तरेकडे जाणारा रस्ता. सीमेपासून तास-दीड तास आत, फॉलफुरियास आणि सरिता इथे सीमा पोलिसांच्या चौक्या आहेत. प्रत्येक गाडी थांबते. बिनकागदाच्या बाईला पुढे सान अंतोनिओच्या मोठ्या रुग्णालयात जायचं तर त्या चौकीवरून जावं लागतं. २०१७ साली ब्राउन्सव्हिलच्या एका दोन महिन्यांच्या बाळाला शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या शहरात न्यायचं होतं. सीमा पोलीस अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागोमाग रुग्णालयात गेले आणि आईबापांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू केली. ही बातमी देशभर गाजली. आमच्या वस्त्यांतल्या प्रत्येक बाईला ती पाठ आहे.

या चौकीशी आणखी एक प्रश्न जोडलेला आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये गर्भाचे ठोके दिसू लागल्यावर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनंतर, गर्भपात बंद झाला. आणि जून २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर जवळजवळ पूर्णच. मघाशी सांगितलेली अ‍ॅनेन्सेफली सोनोग्राफीत दिसते ती त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी. पैसेवाली बाई विमानानं दुसऱ्या राज्यात जाते. माझ्याकडची बाई चौकी ओलांडू शकत नाही, आणि मेक्सिकोत गेली तर परत येऊ शकत नाही. ती नऊ महिने ते पोट घेऊन भाजीबाजारात जाते, लोक "मुलगा की मुलगी?" विचारतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२१ ते २०२२ या एका वर्षात टेक्ससमधले अर्भकमृत्यू जवळजवळ १३ टक्क्यांनी वाढले, उरलेल्या देशात २ टक्क्यांहून कमी. जन्मजात व्यंगांनी झालेले मृत्यू टेक्ससमध्ये सुमारे २३ टक्क्यांनी वाढले, इतरत्र ते घटले. टेक्ससमधली जवळजवळ निम्मी बाळंतपणं हिस्पॅनिक बायकांची असतात. आपण महाराष्ट्रात १९८८ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लढून मिळवला, त्या वेळी 'तंत्रज्ञानाला विरोध आणि गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा' ही कसरत समजावताना आपल्या घशाला कोरड पडली होती, असं तेव्हाच्या ताई सांगतात. ती कसरत किती मोलाची होती ते मला तिथे जाऊन कळलं.

तिसरं कारण भीती. भीती मोजता येत नाही असं कुणी म्हणालं, तर त्यांना पोस्टव्हिल सांगा. आयोवा राज्यातलं लहानसं गाव. १२ मे २००८ रोजी तिथल्या मांसाच्या कारखान्यावर सुमारे नऊशे सरकारी माणसांनी धाड घातली, ३८९ कामगार धरले, बहुतेक ग्वाटेमालाचे. अभ्यासकांनी नंतर सगळ्या राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या. धाडीनंतरच्या महिन्यांत लातिना आयांची बाळं कमी वजनाची जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी वाढला होता. ज्या त्या गावच्या नव्हत्या, ज्या अमेरिकेत जन्मलेल्या नागरिक होत्या, त्यांच्यातही. गोऱ्या आयांमध्ये काही फरक नाही.

आज ती भीती आमच्या दवाखान्याच्या दारात आहे. नोव्हेंबर २०२४ पासून टेक्ससच्या रुग्णालयांना दाखल होणाऱ्याला 'तू कायदेशीर आहेस का' हे विचारावं लागतं. उत्तर देण्याची सक्ती नाही, पण हे बाईला कोण सांगणार? आणि जानेवारी २०२५ मध्ये दवाखाने, शाळा, चर्च यांच्या आसपास धरपकड टाळण्याचं जुनं धोरण रद्द झालं. काही बायका सातव्या महिन्यानंतर आल्याच नाहीत.

मग काम कसं चालतं? प्रोमोतोरांवर. टेक्ससमध्ये त्यांना सरकारी प्रमाणपत्र मिळतं, २००१ च्या कायद्यानं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत गावच्या बायकांच्या हाती नवजात बाळ सोपवून दाखवलं, १९९९ साली ते जगभर छापून आलं, आणि आपल्याकडे आता आशा आहेत. पण तिथेही रडगाणं तेच आहे. कौतुक भरपूर, पगार प्रकल्प असेपर्यंत. इथल्या आशांचा २०२४ च्या सुरुवातीचा संप मी त्यांना फोनवर फोटो दाखवून सांगितला. त्यांनी विचारलं, "मग वाढले का पैसे?"

खोऱ्यात शेतजमिनींवर तुकडे पाडून वसवलेल्या वस्त्या आहेत, त्यांना 'कोलोनिया' म्हणतात. सीमेलगत अशा दोन हजारांवर असतील. कित्येकींत गटार नाही, पावसात रस्ता नाही. ज्या बाई मला पिठाच्या दुकानात घेऊन गेल्या, त्यांनी आता दवाखान्यातलं रक्तदाबाचं यंत्र मागून घेतलं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या एका कोलोनियात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसतात. दिवसात असलेल्या बायका मागच्या दारानं येतात. आकडे वहीत लिहितात, नाव लिहीत नाहीत, नुसती खूण करतात. एखादीचा आकडा वर गेला की संध्याकाळी मला फोन येतो, आणि आम्ही ठरवतो की हिला कुणाच्या गाडीतून, कुठल्या रस्त्यानं, कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं.